होडी वेगात उड्या का मारते? फिन विकत घेण्याआधी हे तपासा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: दापोलीच्या बाजूला तुमची १६ फुटी फायबरची होडी आहे. तिला आधी हँडलचं ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन होतं. गेल्या दिवाळीत ते काढून ६० चं फोर-स्ट्रोक बसवलं, सोबत स्टीअरिंग घेतलं आणि चालवणाऱ्याला मागे बाक केला. आता ताशी ४० किलोमीटरच्या वर गेलं की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, ठरलेल्या तालात वरखाली आपटायला लागते. उजवीकडे वळवताना इंजिन एकदम ओरडतं आणि होडी जागची हलत नाही. सरळ जातानाही स्टीअरिंग उजवीकडे ओढतं. ओळखीच्या एकाने इंजिनाच्या पायाला फिन, म्हणजे आडवा पंख, लावायला सांगितलं, दुसऱ्याने मोठा पंखा (प्रोपेलर). दोनांतलं काय घेऊ, असं तुम्ही विचारताय.

सध्या दोन्ही घेऊ नका. मी मालवणात आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगायच्या इंजिनांचं काम करतो, २२ वर्षं झाली. तुमची होडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे पुढे लिहितोय त्यातलं बरंचसं 'बहुतेक' या शब्दावर उभं आहे. पण तुमच्याच मजकुरात एक गोष्ट लख्ख दिसते. तक्रारी तुम्ही इंजिनाच्या करताय, आणि बदललंय ते होडीतलं वजन. फोर-स्ट्रोक इंजिन जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा जड असतं. ६० चं म्हटलं तर शंभर किलोच्या पुढेच. ते मागच्या फळीवर टांगलं. चालवणारा मागे, त्याच्या बाकाखाली पेट्रोलची टाकी, आणि सेल्फ स्टार्ट आलं म्हणजे बॅटरीही मागेच ठेवली असणार.

बैलगाडी ज्यांनी हाकली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, जू वर उठतं. पुढे गेलं की धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर बसते. होडीचंही तेच, फक्त गाडीचा आस जागचा हलत नाही आणि होडीचा हलतो. हळू जाताना होडी सगळ्या तळावर तरंगते. वेग आला की ती पाण्यावर चढते आणि मग तळाचा मागचा तुकडाच पाण्याला टेकलेला राहतो. वेग जितका वाढेल तितका हा तुकडा आखूड होतो आणि मागे सरकतो. ४० च्या इंजिनावर तुम्ही ज्या वेगाला पोचतच नव्हता, त्या वेगाला आता पोचताय. तिथे टेकलेला तुकडा एवढासा, आणि वजन त्याच्याही मागे लोंबतंय. मग नाळ उठते, तळाचा कोन वाढतो, पाणी होडीला जास्तच वर फेकतं, खालचा आधार सुटतो, नाळ पडते. पडली की पुन्हा उठते. पाणी आरशासारखं सपाट असतानाही उड्या चालू राहतात त्या म्हणूनच. लाटेमुळे आपटत असेल तर आपटण्याचा ताल लाटेसारखा वेडावाकडा असतो. तुमचा ताल ठरलेला आहे, असं तुम्हीच लिहिलंय.

म्हणून वजनाची पहिली परीक्षा फुकटची आहे. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे चार जार भरून घ्या, म्हणजे ८० किलो. ते नाळेच्या मागे, होडीच्या पुढच्या तिसऱ्या हिश्शात ठेवा आणि दोरीने नीट बांधा. न बांधता नेलेत तर पहिल्याच वळणावर जार तुमच्या पायावर येतील. सकाळी लवकर, वारा सुटायच्या आधी, त्याच पाण्यावर त्याच वेगाने जा. उड्या थांबल्या किंवा ४० ऐवजी ४८ वर सुरू झाल्या, तर रोग सापडला. काहीच फरक पडला नाही तर तळाकडे बघावं लागेल, त्यावर पुढे येतो.

फरक पडला तर जार काढा आणि कायमचं वजन पुढे न्या. सगळ्यात सोपी टाकी. २४ लिटरची भरलेली टाकी साधारण २० किलो धरा. ती ३ मीटर पुढे नेली तर ६० किलोचा माणूस एक मीटर पुढे बसवल्याइतका परिणाम होतो. पाइप लांबवताना मधे जोड देऊ नका. पेट्रोलचा अखंड पाइप घ्या, पंप करायचा फुगा इंजिनाच्या बाजूलाच ठेवा, आणि टाकी बंद खणात कोंबू नका. वास साचला की एक ठिणगी पुरते. बॅटरी पुढे न्यायची तर केबल जाड घ्यावी लागते. जुनीच केबल जोडून लांबवली तर सकाळी सेल्फ मारताना इंजिन नुसतं कण्हतं, आणि मग माझ्यासारख्याला फोन येतो की स्टार्टर गेला. चालवणाऱ्याचा बाक दोन फूट पुढे घेता आला तर सोन्याहून पिवळं, कारण माणूस हा होडीतला जड आणि सगळ्यात सहज हलणारा नग.

वजनाचा आणखी एक प्रकार डोळ्यांना दिसत नाही. फायबरच्या होडीत वरची फळी आणि तळ यांच्यामध्ये पोकळी असते, कधी तिच्यात फोम भरलेला असतो. बारीक तड्यातून, सुटलेल्या स्क्रूच्या भोकातून पाणी तिथे शिरतं आणि फोम ते धरून ठेवतो. एका गिऱ्हाइकाची होडी 'हल्ली उठतच नाही' म्हणून आली होती. किनाऱ्यावर नाळ उंच करून मागचं बूच काढलं. आम्ही दोघांनी चहा करून पिऊन होईपर्यंत पाणी वाहत होतं, आणि धार थांबली तेव्हाही फोममधून थेंब गळतच होते. एक लिटर म्हणजे एक किलो. शिवाय हे पाणी एका जागी बसत नाही. नाळ उठली की मागे धावतं, वळलात की बाहेरच्या कडेला. तुमची होडी किती जुनी आहे ते लिहिलेलं नाही, पण बूच काढून बघायला पैसे पडत नाहीत.

आता इंजिनाचा कोन. तुमच्या ६० ला बटणाचं ट्रिम, म्हणजे बटण दाबून कोन बदलायची सोय, असणार. छोट्या इंजिनांना ते नसतं. तिथे क्लॅम्पमध्ये चार-पाच भोकं आणि एक पिन असते, आणि ती पिन विकत घेतल्या दिवसापासून त्याच भोकात गंजलेली मला कितीदा सापडली आहे. इंजिनाचा पाय होडीकडे आत घेतला की नाळ खाली बसते. बाहेर काढला की नाळ उठते. निघताना पूर्ण आत घ्या, होडी चढली की थोडं थोडं बाहेर काढा. वेग वाढत जाईल, स्टीअरिंग हलकं होईल, मग एका क्षणी उड्या सुरू होतील. तिथून बटण एकदा-दोनदा आत दाबा, तीच तुमची जागा. ही जागा माणसं किती आणि टाकी किती भरलेली यावर रोज बदलते, म्हणून पट्टीवर खूण करून ठेवण्यात अर्थ नाही, हाताला सवय लागली पाहिजे. पण पूर्ण आत घेऊनही उड्या थांबत नसतील तर कोनाचा उपाय संपला, दोष वजनात किंवा तळात आहे.

आत घेण्याचीही एक हद्द आहे, आणि ती उड्यांपेक्षा धोक्याची आहे. कोन फार आत आणि वेग जास्त, असं झालं की नाळ पाण्यात रुतते. मग होडी मागून वळायच्या ऐवजी पुढून वळते. नाळ जिथे रुतली तिथे खुंटी मारल्यासारखी अडते आणि मागचा भाग गर्रकन फिरतो. माणूस बाहेर फेकला जातो तो असा. पाठीमागून लाट येत असेल तर हे जास्तच लवकर होतं. तेव्हा सपाट पाण्यावर ठरवलेला कोन लाटेत वापरू नका. समोरून लाट असेल तर थोडा आत, मागून असेल तर बाहेर, आणि दोन्ही वेळा वेग कमी.

माझीच चूक सांगतो, कारण ती तुमच्या फिनच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. धंद्याच्या सुरुवातीला एक डॉल्फिन दाखवायला नेणारी होडी माझ्याकडे आली, तक्रार अगदी तुमचीच. मी टाकी बघितली नाही, बूच काढलं नाही. पंख्याच्या वरच्या आडव्या कॅव्हिटेशन प्लेटला भोकं पाडून फिन बसवली आणि पैसे घेतले. उड्या खरोखर थांबल्या, मालक खूश. फिन करते काय, तर मागच्या बाजूला वर उचलते, म्हणजे नाळ दाबते. आठ-दहा दिवसांनी देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी, जिथे वाळूच्या दांड्यावर लाट मोडते तिथे, होडी आत येत होती. मागून लाटेने उचललं, फिनने आणखी उचललं, नाळ रुतली आणि होडी आडवी फिरली. उलटली नाही, कोणाला लागलं नाही, पण दोन पर्यटक पाण्यात पडले. जॅकेट होती म्हणून बरं. मालकाने होडी परत आणली तेव्हा एक म्हातारे मच्छीमार शेडवर बसले होते. त्यांनी फिनकडे बघितलं आणि मला म्हणाले, "इंजनाक कित्याक गाळी घालतंस? आधी तळ बघ." बघितलं, तळ चांगला होता. पण बघताना मागच्या खणातले दोन नांगर, जुनी साखळी आणि भरलेली जादा टाकी सापडली. ती पुढे नेली, फिन काढली, भोकं बुजवली. उड्या परत आल्या नाहीत.

म्हणजे फिन वाईटच असं नाही. छोट्या इंजिनाला जड होडी पाण्यावर चढवायला ती मदत करते, आणि ज्याला वजन हलवायला जागाच नाही त्याला कधी दुसरा उपाय नसतो. पण ती रोग झाकते. इंजिनाला भोकं पाडल्यावर वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच, आणि तुमचं इंजिन वर्षाचंही झालेलं नाही.

उजव्या वळणावर इंजिन ओरडतं, ही तक्रार मी वेगळी धरतो. तिथे पंख्याला पाण्याऐवजी हवा मिळतेय. याला सगळे सरसकट कॅव्हिटेशन म्हणतात, पण कॅव्हिटेशन म्हणजे पात्यामागे दाब इतका पडतो की पाण्याचीच वाफ होते. तुमच्याकडे वरची हवा खाली ओढली जातेय. हवा मिळण्याची कारणं तीन: इंजिन जास्त उंच बसलंय, वळताना कोन बाहेर राहिलाय, किंवा पंख्याच्या पुढे काहीतरी पाणी फेसाळून सोडतंय. कोनाचं सोपं आहे. वळण्याआधी ट्रिम आत घ्या आणि वेग थोडा उतरवा.

उंचीसाठी मोजा. होडी जमिनीवर सरळ ठेवा, इंजिन खाली सोडा, आणि तळाला लांब पट्टी टेकवून ती मागे इंजिनापर्यंत न्या. पंख्याच्या वरची आडवी प्लेट या रेषेच्या किती वर किंवा खाली आहे ते बघा. सुरुवात रेषेला समान ठेवून करावी. व्ही तळाच्या होडीला नंतर एक इंचभर वर चालू शकतं. जास्त वर गेली तर वळणावर हवा ओढेल. आणि दोन-तीन इंच खाली असली तर इंजिनाचा पाय पाण्यात खोल ओढला जातो, फवारा उडतो, वेग मरतो, स्टीअरिंग जड होतं. आपल्याकडे फळीची उंची बांधणाऱ्याच्या अंदाजाने ठरते आणि इंजिनाचा पाय कारखान्याच्या मापाने, साधारण १५, २० किंवा २५ इंच. जुन्या ४० ला बसलेली फळी ६० ला बसेलच असं नाही. मधे लाकडाचा तुकडा घालून बसवलंय का तेही बघा. इंजिन एका वेळी एकच भोक वर-खाली करा, म्हणजे पाऊण इंच. वर घेतलं तर इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची पिचकारी पूर्ण वेगात आणि वळणात दोन्हीकडे जोरात पडतेय ना, यावर लक्ष ठेवा. ती तुटली म्हणजे थंड करणारं पाणी कमी पडतंय, लगेच एक भोक खाली.

पण त्रास फक्त उजवीकडे होतोय, यावरून मला तिसऱ्या कारणाचा संशय जास्त येतो. मासे बघायच्या यंत्राचा सेन्सर मागच्या फळीला कोणत्या बाजूला लावलाय? वळताना जी बाजू पंख्याच्या पुढे येते तिथला एवढासा डबा, निम्मा सुटलेला पट्टा किंवा फायबरचं पोपडं फेसाची रेघ सोडतं आणि पंखा ती गिळतो. सेन्सर पंख्यापासून लांब, कडेला न्या. दुसरी गोष्ट, आपल्या बऱ्याच होड्यांना तळाच्या मधोमध कणा असतो, आणि तो थेट मागच्या फळीपर्यंत येऊन चौकोनी कापलेला असतो. वल्ह्याच्या किंवा छोट्या इंजिनाच्या होडीला तो हवाच, वाळूवर ओढताना तळ वाचतो. पण ६० च्या इंजिनापुढे तो भिंतीसारखा उभा राहतो आणि त्याच्या मागचं पाणी मेलेलं, फेसाळ. मी असे कणे शेवटच्या दोन-तीन फुटांत हळूहळू उतरवून फळीच्या आधीच तळाशी मिळवतो. फायबरचं काम करणाऱ्याकडून करून घ्या, स्वतः ग्राइंडर घेऊन बसू नका. कण्याच्या आत लाकूड असतं आणि ते उघडं पडलं तर दोन पावसांत कुजतं.

कुजण्यावरून आठवलं. जड इंजिन बसवलंय तर मागची फळी आत्ताच तपासा, बाकी सगळं नंतर. एकाने इंजिनाचा पाय धरून वरखाली जोर द्यायचा, दुसऱ्याने फळीकडे बघायचं. फळी वाकताना दिसली किंवा कोपऱ्यात केसासारखे तडे दिसले तर ती होडी पाण्यात घालू नका. हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोका. चांगल्या फळीचा आवाज टणक येतो, कुजलेलीचा भिजल्या पुठ्ठ्यासारखा. माझ्याकडे एक फळी अशी आली होती की खालचा बोल्ट काढल्यावर भोकातून चहासारखं पाणी ओघळलं आणि त्यासोबत प्लायवूडचा भुगा. बसवणाऱ्याने भोकात सीलंट घातलंच नव्हतं. अशी फळी इंजिनाला सरळ धरून ठेवू शकत नाही. वेगात इंजिन डुलतं, कोन आपोआप बदलतो, आणि आपण ट्रिमला दोष देत बसतो.

पंख्याबद्दल. मोठा म्हणजे काय, व्यास की पिच, हे सांगणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतं. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. दुसरा आकडा पिचचा, म्हणजे घट्ट पदार्थात स्क्रूसारखा एक फेरा फिरला तर पंखा किती इंच पुढे जाईल तो. इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण एक्सलेटरला किती आरपीएम (मिनिटाला फेरे) हवेत ते दिलेलं असतं, आजच्या बऱ्याच फोर-स्ट्रोकना ५००० ते ६०००. रोजच्या भाराने, सपाट पाण्यावर, कोन जुळवून पूर्ण एक्सलेटर द्या आणि मीटर बघा. ६००० च्या पुढे पळत असेल तर पिच वाढवा. ५००० ही गाठत नसेल तर कमी करा. एक इंच पिचला साधारण दोनशे आरपीएमचा फरक पडतो.

एक हिशोब करून बघा, तो मला पंख्याहून जास्त काही सांगतो. समजा मीटर ५५०० दाखवतोय, गिअरचं प्रमाण १.८५ आहे, पिच १३ इंच. ५५०० ला १.८५ ने भागलं की पंखा मिनिटाला २९७३ फेरे मारतोय. १३ इंच म्हणजे ३३ सेंटिमीटर, तर मिनिटाला ९८१ मीटर, तासाला जवळपास ५९ किलोमीटर. मोबाइलच्या जीपीएसवर ४८-५० दिसत असतील तर ठीक. दहा ते वीस टक्के पाण्यात जाणारच. पण सरळ जातानाही ४० च दिसत असतील तर तिसरा हिस्सा पंखा नुसता घुसळतोय. तो हवा खातोय, वाकलाय, किंवा त्याच्या आतलं रबर घसरतंय. रबर ओळखायला पंख्याच्या आतल्या आणि बाहेरच्या कड्यावर एकच सरळ खूण करा आणि फेरी मारून या. खुणा सरकलेल्या दिसल्या तर रबर गेलं.

सगळं करून वळणात थोडी हवा राहिलीच, तर मी चार पात्यांचा पंखा सुचवतो. तो पाणी घट्ट धरतो आणि मागची बाजू थोडी उचलतो, त्यामुळे उड्याही कमी होतात. वरचा वेग दोन-तीन किलोमीटर जाईल, प्रवासी नेणाऱ्याला त्याचं काय. स्टीलचा पंखा दिसतो छान आणि पातं पातळ असल्याने चालतोही छान. पण मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला पाण्याखाली खडक किती आहेत ते इथला पोरगाही सांगेल. ॲल्युमिनियमचा पंखा खडकावर वाकतो आणि तिथेच भांडण मिटतं. स्टीलचा वाकत नाही, धक्का आत शाफ्ट आणि गिअरला जातो. तुमच्याकडच्या पाण्यात काय आहे ते तुम्हाला ठाऊक.

उजवीकडे ओढण्याचं कारण बहुतेक साधं आहे. पंखा एकाच दिशेने फिरतो म्हणून स्टीअरिंग एका बाजूला खेचतं, आणि कोन बाहेर काढला की जास्तच. प्लेटच्या खाली, पंख्याच्या वर एक छोटा पंख असतो, तो यासाठीच दिलेला. बोल्ट सैल करून, होडी उजवीकडे जात असेल तर पंखाचं मागचं टोकही उजवीकडे फिरवा, अगदी थोडं, आणि बघा. आधी उलटं वाटतं. पण पाणी त्या टोकावर आपटून इंजिनाला दुसऱ्या बाजूला ढकलतं. रंग देऊ नका त्याला, बऱ्याच इंजिनांत तोच गंज खाणारा जस्ताचा तुकडाही असतो. इंजिन उंच घेतल्यावर तो पाण्याबाहेर राहिला तर काही कामाचा नाही, म्हणून हे काम उंची ठरल्यावर. आणि त्याआधी इंजिनाचा पाय हाताने डावी-उजवीकडे हलवा. स्टीअरिंग जागेवर असताना तो मोकळा हलत असेल तर केबल किंवा जोड ढिला आहे. तो पहिला आवळायचा.

हे सगळे प्रयोग करताना किल स्विचची दोरी, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी, जॅकेटच्या पट्ट्याला अडकवा, एरवी डॅशबोर्डला गुंडाळून ठेवता ती. स्टीअरिंग ओढणारी होडी रिकामी झाली की सरळ पळून जात नाही. ती गोल फिरून पडलेल्या माणसावरच परत येते. सोबत एक जण आकडे लिहायला घ्या, आणि एका फेरीत एकच बदल करा. टाकी, उंची आणि पंखा एकदम बदललात तर होडी सुधारली तरी कशाने ते कळणार नाही. पुढच्या वेळी बिघडली की पुन्हा माझ्याच दारात.

उरला तळ. जार ठेवूनही उड्या तशाच राहिल्या तर हे करा. होडी उलटी करा, किंवा टेकू लावून खाली सरपटत जा. गवंड्याची सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी मागच्या फळीपासून पुढच्या बाजूला, कण्याच्या दोन्ही अंगांना, लांबीत टेकवा. पट्टी पूर्ण टेकली पाहिजे. मधे फट दिसली तर तळ आत दबलाय, अशी होडी नाळ दाबते आणि वेग खाते. पट्टी मधे टेकून दोन्ही टोकांना झुलत असेल तर तळाला पोट आलंय, आणि सपाट पाण्यावर ताल धरून उड्या मारणारी होडी ती हीच. दोन-तीन मिलिमीटर सोडून द्या, त्याच्या वर असेल तर फरक पडतो. पावसाळ्यात होडी दोन ओंडक्यांवर तीन महिने ठेवली आणि ओंडका नेमका मागे आला, तर तळाचा आकार असाच जातो. ओंडक्याऐवजी तळाच्या आकाराच्या लांब फळ्यांवर ठेवा, भार पसरतो. पोट भरून काढता येतं: मागच्या काठाला फायबर आणि पुट्टीने उतार देऊन तळ पुन्हा सरळ करायचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा फायबरवाले मोकळे असतात, पण हवेत ओल इतकी की काम पत्र्याखाली, तळ पूर्ण वाळवूनच करायला लावा.

आणि एक शक्यता कडू आहे. काही होड्यांचे साचे जुन्या लाकडी होड्यांवरून घेतलेले असतात, आणि त्यांचा तळ मागे मुद्दाम वर उचललेला असतो. वल्ह्याला आणि शिडाला तो आकार उत्तम, पाणी मागून अलगद सुटतं. असा तळ ४० किलोमीटरसाठी केलेलाच नाही. पट्टी लावल्यावर मागचा शेवटचा फूट-दीड फूट सरळ वर वळताना दिसला तर पुट्टी, पंखा, फिन कशावरही खर्च करू नका. ३०-३५ वर चालवा, किंवा ६० साठी दुसरी होडी बघा. तसंही इतक्या इंजिनासाठी ती बांधलेली आहे का, हे बांधणाऱ्याला एकदा विचाराच, आणि नोंदणीच्या कागदावर अजून ४० च लिहिलेलं असेल तर तेही बदलून घ्या.

आधी फळी ठोकून बघा, मग बूच काढा, मग जार. त्यानंतर मला एवढंच कळवा: जार ठेवल्यावर उड्या कितीवर सुरू झाल्या, प्लेट तळाच्या रेषेपासून किती वर किंवा खाली आहे, पंख्यावरचे दोन आकडे, पूर्ण एक्सलेटरला आरपीएम आणि जीपीएसचा वेग, आणि सेन्सर कोणत्या बाजूला आहे. मागून काढलेला एक फोटोही टाका, कण्याचं शेवटचं टोक दिसेल असा.